ताग आणि ग्लास फायबरचं हायब्रीड लॅमिनेट: ताकद किती येते आणि ती टिकते का

प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्लास फायबर आणि इपॉक्सीच्या (घट्ट होऊन थर चिकटवणाऱ्या रेझिनच्या) शीटमधले निम्मे थर काढून तिथे तागाचं कापड घालायचं, शीट साधारण ४ मिमी जाड, त्यातून उघड्यावर बसणारं एक कव्हर बनवायचंय, तर ताकद किती राहील, किती टिकेल आणि तागाला कॉस्टिक सोड्याची ट्रीटमेंट द्यायची का. या प्रकारच्या लॅमिनेटवर, म्हणजे थर चिकटवून केलेल्या शीटवर, मी बरीच वर्षं काम केलंय, जेवढी बनवली जवळपास तेवढीच मशीनवर तोडून बघितली, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

पहिली गोष्ट, "निम्मे" या शब्दात अडकू नका. सगळे तिथेच अडकतात, ३० टक्के ताग की ५० टक्के ताग, आणि मग टक्केवारीचे ग्राफ काढत बसतात. तेवढाच ताग, तेवढीच ग्लास, पण थर कुठे ठेवलेत यावरून वाकवताना मिळणारा कडकपणा जवळपास दुप्पट होतो किंवा निम्मा होतो. आणि टिकाऊपणाचं म्हणाल तर तो टक्केवारीपेक्षा पाणी कुठून आत शिरतं यावर ठरतो.

हे नुसतं सांगून पटत नाही म्हणून हिशोबच करू. तुमची ४ मिमी शीट घ्या. हँड लेअपच्या (हाताने थर लावून केलेल्या) विणलेल्या ग्लास-इपॉक्सीचा मॉड्युलस, म्हणजे कडकपणाचं माप, २० गिगापास्कल धरू, ताग-इपॉक्सीचा ८ धरू, अगदी काटेकोर नसले तरी हे आकडे व्यवहाराला धरून आहेत. आता बाहेरच्या दोन्ही बाजूंना १-१ मिमी ग्लास आणि मधे २ मिमी ताग ठेवला. वाकवताना प्रत्येक थराचा वाटा मधल्या रेषेपासूनच्या अंतराच्या घनावर जातो, म्हणून मधली २ मिमी जाडी ही निम्मी जाडी असूनही वाकण्यात तिचा भूमितीय वाटा फक्त आठवा हिस्सा, म्हणजे १२.५ टक्के, आणि बाहेरच्या निम्म्या जाडीचा ८७.५ टक्के. म्हणजे २० चे ८७.५ टक्के १७.५, आणि ८ चे १२.५ टक्के १, एकूण १८.५ गिगापास्कल. पूर्ण ग्लास असती तर २० आले असते. अर्धी ग्लास काढली आणि गेले किती, तर दीड! आता उलटं करा, ताग बाहेर आणि ग्लास आत: ८ चे ८७.५ टक्के ७, २० चे १२.५ टक्के २.५, एकूण ९.५. तेच सामान, तेवढंच वजन. ओढून बघितलं तर दोन्ही शीट १४ च देणार, कारण ताणात थर कुठे आहे याला काही महत्त्व नसतं. म्हणून कोणी फक्त टेन्साईलचा (ओढून बघण्याच्या टेस्टचा) रिपोर्ट दाखवून हायब्रीड चांगलं की वाईट सांगत असेल तर आधी विचारा की वस्तू वापरात ओढली जाणार आहे की वाकणार आहे. कव्हर, पॅनल, झाकण हे सगळं वाकतंच.

आता ताकद. इथे एक चूक इतक्या वेळा बघितलीय की ती वेगळी सांगावीच लागते. लोक दोन्ही फायबरची ताकद आपापल्या प्रमाणात घेऊन सरळ बेरीज करतात. ग्लास आणि ताग एकाच वेळी तुटत नाहीत, बेरीज चुकते ती तिथे. ताग साधारण दीड टक्का ताणला की तुटतो, ग्लास त्याच्या पुढेही बरीच ताणली जाते. सगळे धागे ओढण्याच्या दिशेनेच आहेत असं समजा, लॅमिनेटमधे १५ टक्के ग्लास आणि १५ टक्के ताग, आकारमानाने. ग्लासची ताकद २४०० मेगापास्कल, मॉड्युलस ७२ गिगापास्कल, तागाचा मॉड्युलस २६ गिगापास्कल. दीड टक्का ताणाला तागावर ३९० मेगापास्कल येतात आणि तो तुटतो, त्या क्षणी ग्लासवर फक्त १०८० असतात, म्हणजे ग्लास तिच्या निम्म्या ताकदीलाही पोचलेली नसते. रेझिन सोडून दिलं तर त्या क्षणी लॅमिनेट सुमारे २२० मेगापास्कलवर असतं. सरळ बेरीज मात्र सांगते ४२०. पुढे एकट्या ग्लासवर कागदावर ३६० पर्यंत जाता येतं, पण तोपर्यंत तागाच्या थरात भेगा पडलेल्या असतात, आणि भेग पडली की पाण्याला दार उघडं झालं.

मशीनवर हे ऐकू येतं. ग्राफ सरळ वर चढत असतो, मधेच बारीक बारीक कट् कट् असा आवाज सुरू होतो आणि रेषेला हलकासा गुडघा येतो, तुकडा मात्र अजून शाबूत दिसतो. माझ्यासाठी डिझाईनचा आकडा हा गुडघा आहे, शेवटचा कडाका नाही. आणि कायम राहणारा भार तर या गुडघ्याच्या बराच खाली ठेवा, कारण नैसर्गिक फायबरचं लॅमिनेट सततच्या भाराखाली ग्लासपेक्षा जास्त हळूहळू सरकतं, ओलं असेल तर आणखीनच.

एक गोष्ट मात्र हायब्रीडच्या बाजूने आहे. कमी ताणणारा फायबर जास्त ताणणाऱ्याच्या शेजारी बारीक पसरून ठेवला तर तो एकटा असताना ज्या ताणाला तुटला असता त्यापेक्षा थोडा पुढे जाऊन तुटतो. हयाशी या संशोधकांनी १९७२ साली कार्बन-ग्लासमधे हे दाखवलं होतं, यालाच हायब्रीड इफेक्ट म्हणतात. एक धागा तुटला की शेजारचा भार उचलतो आणि भेग पसरायला अडकते. पण त्यासाठी थर पातळ आणि एकाआड एक पाहिजेत, २ मिमी तागाचा एकच गठ्ठा मधे ठेवला तर हा फायदा विसराच. म्हणजे वाकण्यासाठी ग्लास बाहेर पाहिजे आणि भेग अडवण्यासाठी मिसळलेले थर पाहिजेत, ही ओढाताण राहतेच. मी सहसा बाहेरच्या दोन्ही बाजूंना ग्लासचे थर पक्के ठेवतो आणि पोटात ताग-ग्लास-ताग असं करतो.

आणि मांडणी मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखीच ठेवा. एका बाजूला ग्लास, दुसऱ्या बाजूला ताग अशी शीट मोल्डमधून सरळ निघेल, आठवड्याभरात मात्र हवेतली ओल पिऊन पापडासारखी वळेल.

आता बनवण्याकडे येऊ, कारण तागाच्या लॅमिनेटची निम्मी बदनामी बनवण्यातल्या चुकांमुळे आहे. साध्या ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ताग स्वतःच्या वजनाच्या १२-१३ टक्के पाणी धरून असतो. एक किलो कोरड्या कापडात सव्वाशे ग्रॅम पाणी, अर्धा पेला झाला! हाताला कापड कोरडं ठणठणीत लागतं. तसंच लेअपला घेतलं की रेझिन गरम होताना ती वाफ बाहेर यायला बघते, बुडबुडे अडकतात, आणि धाग्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा थर असल्यामुळे रेझिन चिकटत नाही. कापड ८० ते १०० अंशावर ओव्हनमधे ठेवा आणि "चार तास" असं घड्याळ लावू नका, दर तासाला वजन करा, वजन उतरायचं थांबलं की झालं. मग बंद पिशवीत गार करा आणि बाहेर काढल्या काढल्या वापरा. सकाळी सुकवून दुपारपर्यंत टेबलावर पडलेलं कापड म्हणजे न सुकवलेलंच कापड.

ताग रेझिन खूप पितो हेही लक्षात ठेवा. विणलेली ग्लास हाताने लावताना वजनाने साधारण जेवढी ग्लास तेवढं रेझिन लागतं. तागात मात्र फायबरचं आकारमान २५ टक्क्यांच्या आसपासच बसतं, म्हणजे वजनाने तागाच्या जवळपास अडीच पट रेझिन. मग लोक थराला थर बदलतात, शीट जाड आणि जड होते, आणि ताग हलका असतो (घनता १.४५ च्या आसपास, ग्लासची २.५५) हा फायदा सगळा रेझिनमधे बुडतो. व्हॅक्यूम बॅग (हवा काढून दाब देणारी पिशवी) किंवा साधा प्रेस असेल तर जरूर वापरा, तागाचं कापड फुगीर असतं, त्याला दाब मिळाला की फरक लगेच दिसतो. आणि तुलना करताना थराला थर न धरता वजनाला वजन धरा. नुसता फायबर बघितला तर ओढण्यात वजनामागे ग्लासच पुढे आहे, ७२ भागिले २.५५ म्हणजे २८ आणि तागाचे २६ भागिले १.४५ म्हणजे १८. पण सपाट शीट वाकवताना मॉड्युलसचं घनमूळ भागिले घनता असं बघायचं असतं, तिथे ग्लास १.६३ आणि ताग २.०४. ताग पुढे! पॅनलमधे नैसर्गिक फायबर का चालतो याचं उत्तर याच आकड्यात आहे, मोटारींच्या दाराच्या आतली पॅनल इतकी वर्षं जवस-अंबाडीच्या फायबरची बनतात ती उगीच नाही, आणि २०१९ ला पोर्शेने ७१८ केमन जीटी४ क्लबस्पोर्ट या रेसच्या गाडीची दारं आणि मागचा विंग नैसर्गिक फायबरचे दिले तेही.

कॉस्टिकचं विचारलंत. हो, द्या, पण हिशोबात. साधारण ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साईड, खोलीच्या तापमानाला, दोन ते चार तास. त्याने वरचं मेण, पेक्टिन आणि बरंचसं हेमिसेल्युलोज निघतं (सगळ्यात जास्त पाणी पिणारा भाग हाच), पृष्ठभाग खडबडीत होतो, रेझिनला पकड मिळते. जास्त तीव्र द्रावण किंवा रात्रभर भिजवणं म्हणजे धाग्याचंच नुकसान, मग पकड वाढते आणि धागा कमजोर होतो, बेरीज शून्य. कापड मोकळं सोडलं तर द्रावणात आकसतं आणि धागे जास्त वळणदार होतात, म्हणून चौकटीवर ताणून धरा. नंतर धुताना पीएच पेपर न्यूट्रल दाखवेपर्यंत धुवा, शेवटच्या पाण्यात थोडं ॲसेटिक ॲसिड घातलं तर काम लवकर होतं. राहिलेला अल्कली आत गेला तर पुढे ओल आल्यावर तो तिथेच बसून त्रास देतो, पॉलिएस्टर रेझिन असेल तर जास्तच. यावर सायलेन (धागा आणि रेझिन जोडणारं रसायन) लावायचा असेल तर इपॉक्सीला अमिनो सायलेन, पॉलिएस्टर-व्हिनाईलएस्टरला व्हिनाईल किंवा मेथाक्रिल गटाचा. इपॉक्सीऐवजी पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक वापरणाऱ्यांनी मलेइक ॲनहायड्राईड लावलेलं पॉलिप्रॉपिलीन थोडं मिसळावं, त्याशिवाय चिकटतच नाही, आणि तापमान २०० अंशाच्या खाली ठेवावं कारण त्यापुढे सेल्युलोज जळायला लागतं.

ट्रीटमेंट लागली की नाही हे तुटलेल्या तोंडावर दिसतं. साधं भिंग घ्या. पकड कमी असेल तर तुटलेल्या जागी केसांसारखे लांब लांब धागे बाहेर आलेले असतात, स्वच्छ, अंगावर रेझिनचा कणही नाही, आणि समोरच्या बाजूला रेझिनमधे धागा निसटून गेल्याची गोल भोकं. पकड चांगली असेल तर धागे आखूड तुटतात आणि त्यांना रेझिनचे तुकडे चिकटलेले असतात. हे दोन तुकडे एकदा शेजारी ठेवून बघा, मग रिपोर्ट वाचायच्या आधीच अंदाज येतो.

आता टिकाऊपणा, आणि माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. तागाचा धागा पाणी प्यायला की आडवा फुगतो, लांबीत जवळजवळ नाही. भोवती कडक रेझिन, ते फुगत नाही, मग धाग्याभोवती ताण येतो, केसासारख्या भेगा पडतात, त्या भेगांतून पाणी पुढच्या धाग्यापर्यंत जातं. पुढे ते सुकलं की धागा आकसतो, भेग मात्र राहते, आणि धागा-रेझिनमधे बारीक फट उरते. पुढच्या वेळी पाणी आणखी वेगाने आत. म्हणून सतत पाण्यात ठेवलेल्या तुकड्यापेक्षा ओलं-सुकं-ओलं-सुकं असं चक्र सोसलेला तुकडा जास्त खराब झालेला मी बघितलाय, आणि उघड्यावरच्या कव्हरला नेमकं तेच चक्र मिळतं. बाहेरची ग्लास इथे दुसरं काम करते, ती आडोसा होते. ग्लास-इपॉक्सी पाणी फार कमी पिते, ताग आत सुरक्षित राहतो. पण हा आडोसा फक्त वरून आणि खालून आहे, कापलेल्या कडेला ताग उघडाच असतो!

हा धडा मी एका कामात नुकसान सोसून शिकलोय. पॅनल छान झाली होती, दोन्ही बाजूंना ग्लास, वर जेलकोट (रेझिनचा बाहेरचा संरक्षक थर), टेस्टचे आकडे उत्तम. बसवताना बोल्टसाठी भोकं पाडली आणि ती तशीच सोडली, कारण कडा सील केल्या होत्या आणि भोकं ही पण कडाच असतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दीड वर्षाने गेलो तर प्रत्येक बोल्टभोवती नाण्याएवढं तपकिरी वर्तुळ, नखाने दाबलं तर वॉशरच्या कडेला पृष्ठभाग उचललेला, आणि हातोडीच्या दांड्याने ठोकलं तर मधल्या भागात टणक आवाज आणि बोल्टपाशी बद्द. मधली पॅनल अगदी ठणठणीत होती. तेव्हापासून भोक मोठं पाडायचं, ते फिलर पावडर मिसळलेल्या इपॉक्सीने बुजवायचं, आणि त्या इपॉक्सीत पुन्हा हव्या त्या मापाचं भोक पाडायचं, म्हणजे बोल्टला ताग दिसतच नाही. कडेला शेवटचे १०-१५ मिमी तागाचे थर आतच थांबवून फक्त ग्लास बाहेरपर्यंत न्यायची. मेहनत थोडी जास्त, पण तुमच्या कव्हरसाठी मी हीच पद्धत सांगेन, यात तडजोड नको.

बाकी गोष्टी भराभर. उन्हाने तागातलं लिग्निन (धाग्याला बांधून ठेवणारा घटक) खराब होतं आणि इपॉक्सीसुद्धा पिवळी पडून पिठासारखी होते, म्हणून वर यूव्ही झेपणारा जेलकोट किंवा पेंट पाहिजेच. लॅमिनेट कायम ओलसर राहिलं तर बुरशी धरते, खाली हवा खेळती ठेवा. धक्का सोसण्यात नुसता ताग ठिसूळ आहे, बाहेर ग्लास असली की बरंच सुधारतं. कंपनं जिरवण्यात मात्र ताग, जवस हे ग्लास आणि कार्बनपेक्षा चांगले, म्हणूनच स्की, रॅकेट, सायकल यात कार्बन-जवस अशी जोडी वापरतात. दाबाखाली नैसर्गिक फायबर कमकुवत, धाग्याला घडी पडते. आग हा वेगळा विषय आहे, जिथे आगीची अट आहे तिथे अग्निरोधक भर घालून वेगळी टेस्ट केल्याशिवाय वापरूच नका. आणि सतत पाण्यात राहणारं काही किंवा माणसाचा जीव ज्यावर अवलंबून आहे असा मुख्य भार घेणारा भाग असेल तर मी हे मटेरियल सुचवणार नाही.

"पर्यावरणपूरक" हे लेबल लावताना पण जपून. ताग कुजतो हे खरं, पण इपॉक्सीत बुडवून ग्लाससोबत चिकटवलेला ताग कुजत नाही आणि वेगळाही काढता येत नाही. फायदा आहे तो ग्लास कमी लागण्यात आणि वजनात. वस्तू लवकर खराब होऊन दुसऱ्यांदा बनवावी लागली तर तोही गेला.

किती वर्षं टिकेल याचा आकडा मी देणार नाही, तो तुमच्या शीटवर टेस्ट करूनच काढावा लागतो. टेन्साईलसाठी एएसटीएम या टेस्ट स्टँडर्डमधलं डी ३०३९, वाकवण्यासाठी डी ७९० किंवा डी ७२६४, थर सुटतात का बघायला डी २३४४, पाणी शोषण्यासाठी डी ५७०. स्टँडर्ड पाच तुकडे म्हणतं, नैसर्गिक फायबरला मी आठ-दहा घेतो कारण धागा धाग्यासारखा नसतो, आणि डिझाईनला सरासरी न घेता खालच्या बाजूचा आकडा घेतो. तीन गट करा: कोरडे, ओले असतानाच तोडलेले, आणि भिजवून पुन्हा सुकवलेले. ओल्यात कडकपणा पडणारच, ते गृहीत धरा. सुकवल्यावर बराचसा परत आला तर धागा फक्त मऊ झाला होता, परत आला नाही तर पकड सुटलीय आणि ती आता येणार नाही. शिवाय अर्धे तुकडे कडा सील करून आणि अर्धे उघडे ठेवून भिजवा, बोल्टच्या भोकाचं मी जे सांगितलं ते तुमच्या डोळ्यांना दिसेल. घाई म्हणून ६०-७० अंशाच्या पाण्यात टाकायचा मोह होतो, पण तिथे रेझिन मऊ पडतं आणि तागातलं पेक्टिन विरघळतं, जे साध्या तापमानाला इतक्या वेगाने होत नाही, त्यामुळे तो निकाल फक्त दोन लेअपची तुलना करायला वापरा, वर्षं मोजायला नको.

वजनाचा ग्राफ वेळेच्या वर्गमुळावर काढा. सुरुवातीला सरळ रेष आणि मग सपाट झाला तर पाणी नुसतं झिरपतंय. सपाट न होता चढतच राहिला तर आत भेगा पडताहेत. सपाट होऊन खाली आला तर काहीतरी विरघळून बाहेर जातंय. जाडी दुप्पट केली तर तेवढंच भरायला चौपट वेळ लागतो, म्हणून पातळ तुकड्याचा निकाल जाड शीटला तसाच लावू नका. आणि तुकडे भिजवायच्या आधी ५० अंशाला वजन स्थिर होईपर्यंत सुकवा, प्रत्येक वेळी कापडाने सारखंच टिपून वजन करा, पहिल्या दिवशी तर दर दोन तासांनी, कारण ती सरळ रेष सुरुवातीलाच असते आणि तेवढा भाग निसटला तर पुढचे दोन महिने वजन करूनही तो उतार मिळत नाही.